पाटणादेवीच्या डोंगराचा खडक पण लोकांना कळू द्या

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब होईल, पण छापता आलं तर बघा, कारण हे बरेच दिवसांपासून मनात आहे.

मागच्या रविवारी आम्ही घरचे सगळे चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो होतो. पाऊस उघडून दोन दिवस झालेले, डोंगर हिरवागार, धवलतीर्थ धबधब्याकडे जाणारी पोरं ओली होऊन परत येत होती, गर्दी पण भरपूर. दर्शन झालं, झाडाखाली बसून डबे सोडले, कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि माझा सात वर्षांचा नातू काही जेवेना, तो आपला मान वर करून कड्याकडे बघत बसलेला. थोड्या वेळानं मला म्हणतो, "आबा, हाऊ डोंगर कोनी बांधा?"

पोराचा प्रश्न एकदम बरोबर होता साहेब. पाटण्याच्या दरीत उभं राहून चारी बाजूला बघा, डोंगर बांधल्यासारखाच दिसतो, एक काळा उभा थर, मग झाडंझुडपं असलेली उताराची पट्टी, परत काळा थर, परत पट्टी, गवंड्यानं एकावर एक रद्दे चढवावेत तसा. शेजारी बसलेल्या एका माऊली म्हणाल्या देवीनं बांधला बाळा, त्यांच्यासोबतचे एक दादा म्हणाले पांडवांनी एका रात्रीत केला. श्रद्धा आपल्या जागी आहे, मी स्वतः दर चैत्रात यात्रेला जातो. पण त्या पोराला खरं उत्तर पण मिळायला पाहिजे ना, आणि तिथं आलेल्या हजार-दीड हजार माणसांत ते सांगणारं कोणी नव्हतं. मला ते थोडंफार येतं, आणि ते मला पुस्तकातून नाही तर बोअरच्या गाडीवर आलंय.

मी बावीस वर्षं बोअरच्या गाडीवर होतो, आधी हेल्पर मग ड्रिलर. चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, पारोळा, धुळे, साक्री, इकडं घाट चढून कन्नड पण, एवढ्या मुलखात किती भोकं पाडली त्याचा हिशोब नाही. शेतकरी पाणाड्याला आणतो, तो नारळ हातावर धरून जागा दाखवतो, आम्ही गाडी लावतो आणि मग सगळे डोळे त्या भोकातून उडणाऱ्या भुकटीकडे. ती भुकटी ज्याला वाचता येते त्याला खाली काय चाललंय ते समजतं. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे छिद्रंछिद्रं असलेला खडक, त्या छिद्रांत पांढऱ्या-गुलाबी गारा भरलेल्या, त्याची भुकटी करडी आणि चमचम करणारी. त्याच्या खाली काळा पाषाण, तिथं गाडी कण्हायला लागते, बिट तापतो, फुटाफुटाला डिझेल खातो, भुकटी काळी-निळी. आणि तो संपला की कधीकधी एकदम लाल, कुंकवासारखी भुकटी वर येते, ती आली की ड्रिलरच्या पोटात गोळा येतो कारण ती लाल माती पाण्यानं फुगते आणि रॉड धरून ठेवते. माझ्या डोळ्यासमोर दोन हॅमर, म्हणजे रॉडच्या टोकाला खडक फोडणारं अवजार, खाली कायमचे गेलेत. मग लालच्या खाली परत मांजऱ्या, परत काळा, परत लाल. चारशे-पाचशे फुटात हा पाढा तीन-चार वेळा म्हणायचा.

बावीस वर्षं मी हे बघत होतो पण असं का होतं ते मला माहिती नव्हतं. माझी पुतणी पुण्याला भूशास्त्र शिकते, तिनं दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मला पाटण्याच्या दरीत नेऊन उभं केलं आणि म्हणाली, काका तुम्ही आयुष्यभर जे वरून खाली बघितलं ना ते इथं आडवं उघडं पडलंय बघा. आणि खरंच तसंच होतं. जो काळा उभा कडा दिसतो तो काळा पाषाण, झाडाझुडपांची उताराची पट्टी म्हणजे मांजऱ्या आणि मऊ भाग, आणि काही ठिकाणी मधोमध वीत-दीड वीत लाल रेघ, तीच माझे हॅमर गिळणारी लाल माती! अंगावर काटा आला साहेब. सगळा बोअर माझ्यासमोर डोंगर होऊन उभा होता.

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून त्यातून लाव्हा बाहेर आला, आपण चित्रात बघतो तसा टोकदार ज्वालामुखीचा डोंगर नाही, लांबच लांब भेगा, आणि लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक पूर आला, थंड झाला, त्याचा थर झाला. थंड होताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले म्हणून थराचा वरचा भाग छिद्रांचा, तो मांजऱ्या, आणि नंतर पाणी झिरपून त्या छिद्रांत ज्या गारा वाढल्या त्यांना झिओलाइट म्हणतात. मधला भाग सावकाश थंड झाला म्हणून घट्ट, तो काळा पाषाण. मग पुढचा पूर यायच्या आधी कधी इतका वेळ गेला की थराचा वरचा भाग उन्हापावसात कुजून लाल माती झाली, आणि तिच्यावर परत लाव्हा आला, वीटभट्टीत भाजावी तशी ती भाजली गेली. म्हणजे लाल रेघ ही दोन पुरांमधली सुट्टी. असे थरावर थर साचून जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकला गेला, त्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप म्हणजे सापळा नाही, स्वीडिश भाषेत पायरी. पायऱ्यांचा डोंगर. नातवाला मी तेच सांगितलं, की भो हाऊ डोंगर कोणी बांधला नाही, तो साचला, आणि मग पाण्यानं कोरला. त्याला किती समजलं माहिती नाही पण नंतर घरी येईपर्यंत लाल रेघा शोधत होता.

धबधब्याचं पण तेच आहे. केदारकुंड बघा नाहीतर धवलतीर्थ, पाणी जिथं कोसळतं तिथं वर घट्ट काळा थर असतो आणि खाली मऊ, मऊ थर आतून खाल्ला जातो, वरचा ओठ तसाच राहतो. एकदा हे डोळ्याला कळलं की मग धबधब्याखाली नुसती सेल्फी काढून माणूस परत येत नाही, दहा मिनिटं बघत उभा राहतो, मी स्वतःवरून सांगतो.

आणि हे आजच्या माणसालाच कळलंय असं नाही. पाटण्याहून वर चढून गेलं की पितळखोरा लागतं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्या, हद्द कन्नड तालुक्याची पण पायवाट आपल्या बाजूनं पण आहे. तिथला खडक चांगला नाही, झिरपणारा, लेण्यांचे दर्शनी भाग कोसळलेत. पण ज्यांनी त्या कोरल्या त्यांना पाणी झिरपतं हे माहिती होतं, चौथ्या लेणीच्या दारापाशी पाच फण्यांचा नाग कोरलाय, त्याच्या फण्यांना भोकं आहेत आणि मागून खडकात नळी कोरून पाणी आणलंय, म्हणजे फण्यांतून पाण्याच्या धारा पडायच्या. ड्रिलर माणूस म्हणून मी तिथं अर्धा तास उभा होतो. आमच्याकडं कॉम्प्रेसर आणि हॅमर असून भोक वाकडं जातं, त्यांनी छिन्नी-हातोडीनं खडकाच्या आत पाण्याची लाईन टाकली. तिथलीच एक यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्या हातावर कोरणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास, तो सोनार होता. सोनारानं आमच्या डोंगराचा दगड कोरला आणि नाव टाकून गेला, हे चाळीसगावच्या किती शाळांमध्ये सांगतात?

पाटण्यातच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, तो डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. गणित, लेण्या, देवी, जंगल आणि खडक, हे सगळं एका दरीत आहे. अशी जागा महाराष्ट्रात दुसरी कुठं आहे मला सांगा.

हे सगळं गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतं, 1986 साली जाहीर झालेलं, 260 चौरस किलोमीटर, बरंचसं संभाजीनगरकडं, थोडं आपल्याकडं. बिबट्या आहे, अस्वल आहे, 2021 मध्ये विदर्भातून चालत चालत वाघ आला तेव्हा सगळ्या पेपरात बातम्या होत्या, आणि त्या यायलाच पाहिजे होत्या, मी कात्रण ठेवलंय. पण वाघ ज्याच्यावर चालत आला त्या डोंगराची बातमी फक्त दरड कोसळली की येते. 30-31 ऑगस्ट 2021 ची रात्र आमच्या तालुक्यातला माणूस विसरू शकत नाही, डोंगरात पाऊस कोसळला, डोंगरी आणि तितूर नदीला पूर आला, चाळीसगावात पाणी, गुरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी पडून हायवे बंद. तेव्हा मी एका नातेवाईकाकडं नदीकाठच्या गावात मदतीला गेलो होतो, गोठ्यात दावणीला बांधलेल्या बैलांच्या नुसत्या दाव्या राहिल्या होत्या. त्यानंतर सगळे पाऊस किती पडला त्यावर बोलले. पण घट्ट थर, त्याला उभ्या भेगा, त्याच्याखाली मऊ थर, अशा पायरीला रस्त्यासाठी कापलं आणि भेगांमध्ये पाणी भरलं की काय होतं, हे कोणी साध्या भाषेत गावकऱ्यांना सांगितलं असतं तर पुढच्या पावसात कुठल्या उताराखाली थांबू नये एवढं तरी लोकांना कळलं असतं. डोंगर वाचता येणं ही हौस नाही, ते जीव वाचवायचं पण काम आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं म्हणजे पत्र लिहायचं मुख्य कारण हेच आहे.

अभयारण्याच्या आत खडकाला हात लावता येत नाही. 1927 च्या वन कायद्यात जंगलातला दगड आणि माती पण वनोपजच धरलंय, म्हणजे आतला डोंगर कागदावर तरी सुरक्षित. पण खान्देशचा सगळा वारसा काय अभयारण्याच्या कुंपणात बसलेला नाही. धुळे-साक्री-नंदुरबारकडं जाताना तुम्ही बघितलं असेल, सपाट शेतातून एकदम काळ्या दगडांची लांबच लांब भिंत उठते, सरळ रेषेत, मैल दोन मैल चालते, परत जमिनीत जाते, परत पुढं निघते. मी पारोळ्याकडं पहिल्यांदा बोअर मारायला गेलो तेव्हा मला ती जुन्या किल्ल्याची तटबंदी वाटली होती. त्या भिंतींना डाइक म्हणतात. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्या भेगांतच जो लाव्हा गोठून राहिला त्याची ही भिंत, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंत उभी राहिली. थर म्हणजे पूर, आणि डाइक म्हणजे तो पूर ज्या नळातून आला तो नळ! नंदुरबार-धुळे पट्ट्यात असे 200 च्या वर डाइक शास्त्रज्ञांनी मोजलेत, 2007 मध्ये त्यांचा अभ्यास छापून आलाय, जगभरचे लोक तो वाचतात. त्यातला साक्री-धुळे-पारोळा हा एकच डाइक सुमारे 79 किलोमीटर लांब आहे. एकोणऐंशी किलोमीटरची एक दगडी भिंत आपल्या शेतांमधून जाते आणि आपल्याला ती फक्त खडीचा माल म्हणून माहिती आहे.

खडी लागते, मला समजतं. मी पण घर बांधलंय, रस्ता मलाही पाहिजे. पण धुळ्याकडं जाताना एक टेकडी, डाइकचीच, जिच्या सावलीत आम्ही गाडी लावून जेवायचो, ती गेल्या आठ-दहा वर्षांत अर्धी झाली. मागच्या महिन्यात गेलो तर एका बाजूनं सरळ कापलेली, खाली पाण्याचं डबकं, क्रशरचा धुराळा बाजूच्या कपाशीवर पांढरा बसलेला. कोणाचा क्रशर, कोणाची परवानगी, ते मला काढायचं नाही, नियमात असेल पण. माझं म्हणणं एवढंच आहे की परवानगी देताना ती टेकडी म्हणजे काय आहे हे कोणाच्या तरी टेबलावर यायला पाहिजे. सगळे 200 डाइक वाचवा असं वेडं मागणं मी करत नाही. त्यातले चार-पाच, जे रस्त्यावरून चांगले दिसतात, ज्याच्यावर शाळेची सहल नेता येईल, ते निवडून ठेवा आणि बाकीच्याचं काय ते नियमानं होऊ द्या.

आणि डाइकचा संबंध पाण्याशी आहे हे मी ड्रिलर म्हणून छातीठोक सांगतो. डाइकच्या एका बाजूला विहिरीला उन्हाळ्यात पाणी, दुसऱ्या बाजूला दोनशे पावलांवर कोरडा बोअर, असं मी कितीतरी शेतात बघितलंय. काही डाइक जमिनीखाली धरणाच्या भिंतीसारखे पाणी अडवतात, काही तडे गेलेले असतात ते उलट पाणी वाहून नेतात. जो शेतकरी हे ओळखतो तो बोअरचे पैसे वाचवतो. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी जे काम केलं, नाले खोल आणि रुंद करून पाणी मुरवलं, ज्याला आता सगळे शिरपूर पॅटर्न म्हणतात, ते कशाच्या जोरावर? ते भूवैज्ञानिक होते, खालचा थर कुठं पाणी पितो आणि कुठं पीत नाही हे त्यांना माहिती होतं. नुसतं जेसीबी लावून खड्डा केला असता तर झालं नसतं, आणि ज्या ज्या गावांनी नुसतं जेसीबी लावलं तिथं झालं पण नाही.

तापीच्या पलीकडं तर अजून वेगळी कहाणी. तापीचं खोरं म्हणजे दोन बाजूचे डोंगर आणि मधला भाग खाली खचलेला, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला आपली सातमाळा-अजिंठ्याची रांग. त्या खचलेल्या भागात सातपुड्यानं लाखो वर्षं गाळ आणून टाकला. आमची हॅमरची गाडी यावल-रावेरकडं चालतच नाही, तिथं गोल फिरवून खोदणारी रोटरी गाडी लागते, कारण शेकडो फूट खाली गेलं तरी खडक नाही, वाळू, चिकणमाती, गोटे, परत वाळू. सगळी केळी त्याच्यावर उभी आहे. आणि सातपुड्याच्या अगदी पायथ्याला, डोंगर संपतो तिथं, मोठ्या दगडगोट्यांचा एक पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात, डोंगरातून येणारं पाणी तिथं चाळणीत ओतल्यासारखं जमिनीत जातं आणि खालच्या केळीच्या विहिरींना पोचतं. यावल अभयारण्य, 1969 चं, पाल गावाकडचा डोंगर, सुकी आणि अनेर नदी, हे सगळं त्या चाळणीच्या डोक्यावर बसलंय. केळीवाल्या बापूंना विचारा, पाणी दरवर्षी किती खाली चाललंय, मोटारी किती खाली सोडाव्या लागतात. त्याच पट्ट्यात पाणी मुरवायला तापी मेगा रिचार्जची योजना आहे, मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारचा करार पण झाला. योजना चांगली व्हावी ही माझी पण इच्छा आहे, पण मग त्या पट्ट्यातले दगडगोटे ट्रक भरून उचलू देऊ नका ना. चाळणीच विकली तर पाणी कशात ओतणार.

सातपुड्याच्या पायथ्याची भेग किती खोल आहे ते बघायचं असेल तर चोपड्याकडं अडावदजवळ उनपदेवला जा. गोमुखातून बारा महिने गरम पाणी येतं. लहानपणी आम्हाला सांगायचे खाली ज्वालामुखी जिवंत आहे, तसं काही नाही, भेगेतून पावसाचं पाणी खूप खोल जातं, तिथं पृथ्वीच्या उष्णतेनं तापतं आणि भेगेनंच वर येतं. तिथं लोक अंगाला खरूज-गजकर्ण झालं की आंघोळीला जातात, आमची आजी बैलगाडीनं गेली होती. तिकडं नंदुरबारकडं अस्तंब्याचं 1325 मीटरचं शिखर, धनत्रयोदशीला आदिवासी बांधव रात्री मशाली घेऊन चढतात, तोरणमाळचं पठार आणि सीताखाई, हे सगळं त्याच लाव्ह्याचं. पण त्याच्यावर लिहायला बसलो तर पेपर पुरणार नाही, आणि मी तिकडं फक्त दोनदा गेलोय.

हे आत्ताच का लिहितोय, तर सप्टेंबर 2025 मध्ये बातमी आली की पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा ट्रॅप युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. वाचून आनंद झाला, मनापासून झाला, महाराष्ट्राचा दगड जगाच्या यादीत गेला. लोणारला पण आधीच भूवारसा म्हणून मान आहे. पण लगेच वाटलं की तो लाव्हा, हा लाव्हा, एकच घर आहे, आणि लाव्हा ज्या भेगांतून आला त्या भेगा एवढ्या उघड्या, एवढ्या दाट खान्देशात आहेत, तर आपलं नाव कुठल्याच यादीत का नको? युनेस्को राहू द्या, जिल्ह्याच्या यादीत तरी? जळगावच्या लांडोरखोरीला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान मिळालाच ना, जैवविविधतेसाठी होतं तर दगडासाठी पण होऊ शकतं. केंद्राच्या खाण मंत्रालयानं डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा स्थळं जपायच्या कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, आपल्या दोन्ही-तिन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी त्यावर बोलावं, खान्देशातल्या जागा सुचवाव्यात अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि दिल्लीची वाट बघत बसायची पण गरज नाही, काही गोष्टी इथंच होतात. पाटणादेवीच्या पायवाटेवर जिथं लाल रेघ दिसते तिथं एक बोर्ड, जिथं गारा दिसतात तिथं एक, धबधब्याजवळ एक, मराठीत, साधं, चार ओळी, आणि जमलं तर खाली अहिराणीत पण. मोठ्या शास्त्रीय नावांची गरज नाही, मांजऱ्या लिहा, काळा पाषाण लिहा, शेतकऱ्याला लगेच कळेल, तो तर रोज त्याच्याशीच झटतो. आजूबाजूच्या गावातली जी पोरं गाईड म्हणून फिरतात त्यांना कॉलेजच्या भूगोल-भूशास्त्राच्या सरांनी दोन दिवस शिकवावं, पोरं हुशार आहेत, त्यांना वाट माहिती आहे, फक्त दगडाचं नाव द्यायचं बाकी आहे. आणि येणाऱ्या लोकांना पण सांगतो, कड्यावरच्या गारा दगडानं ठोकून घरी नेऊ नका हो. शोकेसमध्ये दोन महिने राहते मग धूळ खाते, आणि तिथल्या छिद्रात ती परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. रंगानं नावं लिहिणाऱ्यांना काय बोलावं, कान्हदासानं नाव कोरलं ते आधी मूर्ती घडवून.

एक शेवटचं. गाडीवर असताना मला एक सवय होती, जिथं वेगळी भुकटी लागली तिथली मूठभर मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचो, वरून पट्टी लावायची, गावाचं नाव आणि किती फुटावर. मालक ओरडायचा की टाइमपास करतो. अशा एकशे सदतीस बाटल्या घरी माळ्यावर दोन खोक्यात आहेत, काळी, करडी, लाल, हिरवट, एक तर पूर्ण पांढरी गारेची, पारोळ्याच्या बाजूची, 210 फुटावरची. पुतणीनं बघितल्या तर तिथंच माळ्यावर बसून तीन तास वही भरत होती. घरच्यांनी मात्र दोनदा भंगारात टाकायला काढल्या होत्या. पाटणादेवीला पर्यटकांसाठी एखादी खोली, एखादं काचेचं कपाट जरी ठेवणार असतील तर त्या सगळ्या मी तिथं देऊन टाकायला तयार आहे, पैसे नको, माझं नाव पण नको. गाडीभाडं मी करीन. नवरात्राच्या आधी झालं तर बरं, तेव्हा गर्दी असते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बोअर ड्रिलर,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव